‘पिऊन चालवू नका’ एवढ्याने भागत नाही

थर्टी फर्स्ट जवळ आला की पिंपरी-चिंचवडच्या चौकांत फलक लागतात, ‘दारू पिऊन गाडी चालवू नका.’ सामाजिक संस्था पत्रके वाटतात, कंपन्यांत शपथा होतात, फोटो निघतात. यात चूक काही नाही. पण ही चळवळ गाडीच्या स्टिअरिंगपाशीच का थांबते? दारूच्या परवान्यापर्यंत का जात नाही?

चाकणला सेकंड शिफ्ट सुटल्यावर पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेने पायी कोण जातो? कंत्राटी कामगार. त्याच्याकडे गाडीच नाही. फलक त्याच्यासाठी नसतो, धडक मात्र त्यालाच बसते.

‘अराइव्ह सेफ’चे हरमन सिद्धू फलकावर थांबले नाहीत, कोर्टात गेले. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली. जुलै २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, पालिका हद्दीतल्या परवान्यांना हा आदेश आड येत नाही. म्हणजे जिथे वस्ती दाट, पायी चालणारे जास्त, तिथेच सूट!

आणि कायदा? कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल म्हणजे गुन्हा. नाकाबंदीत सापडलेल्या कामगाराला पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा बिल्डरच्या मुलाला आधी मिळाला जामीन आणि ३०० शब्दांचा निबंध. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. कायदा एकच, वजन वेगळे.

जोतिरावांनी १८८० साली पुणे नगरपालिकेत दारूच्या वाढत्या दुकानांना विरोध केला होता. त्यांनी पिणाऱ्याला उपदेश करून विषय संपवला नाही, परवाना देणाऱ्यांना जाब विचारला. गावोगावच्या आयाबहिणींनी मतदान करून ‘बाटली आडवी’ केली, तीही याच वाटेने.

मित्रांनो, आपल्यालाही सूट नाही. पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावायच्या आणि १४ एप्रिलला पिऊन बुलेट पळवायची, ही बाबासाहेबांची जयंती नव्हे. आधी आपल्या मंडळाची रॅली दारूमुक्त करा. मग माहिती अधिकारात विचारा : आपल्या वॉर्डात परवाने किती? गेल्या वर्षी धडकेत मेलेल्या पादचाऱ्यांपैकी किती जणांच्या केसमध्ये चालकाची रक्ततपासणी झाली? किती जणांना शिक्षा झाली?

उत्तर मिळेपर्यंत फलकाखाली फोटो काढायला उभे राहू नका.

जय भीम!