एकटीची वाट

सूर्योदयापूर्वीं वटारहून निघणाऱ्या स्त्रिया ह्या प्रांतास नव्या नाहींत. आपल्या आज्या भाजीच्या व फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीनें मुंबईचा बाजार गांठीत. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅकबेकडे पहिली लोकल सुटली, तेव्हांपासून हा लोहमार्ग आपल्या घरांचा उंबरठाच बनला आहे. त्या आज्यांच्या भयाची चर्चा कोणी केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. कारण त्या चौघी-पांचजणी मिळून जात, आणि डब्यांतील बहुतेक चेहरे ओळखीचे असत.

त्यांच्या नाती आज महाविद्यालयांत, रुग्णालयांत व कचेऱ्यांत जातात. प्रत्येकीची वेळ निराळी, प्रत्येकीचें स्थानक निराळें. विद्येनें त्यांना पुढें नेलें, परंतु त्याच विद्येनें त्यांना वाटेंत एकटें केलें. गेल्या वर्षीं आमच्या एका माजी विद्यार्थिनीनें चांगली नोकरी सोडली. कारण विचारतां ती म्हणाली, "सर, गाडीचें भय नाहीं. रात्रीं नालासोपाऱ्यास उतरल्यावर घरापर्यंतचा रस्ता सरत नाहीं. एक माणूस आठ दिवस मागें येत होता. घरीं सांगितलें, तर नोकरीच बंद झाली." गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास! हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

रेल्वेनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. १९८९ च्या रेल्वे कायद्यानें स्त्रियांसाठीं राखीव जागा ठेवणें बंधनकारक केलें आहे. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट व बोरिवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांची गाडी सुरू झाली, व १९९३ सालीं ती विरारपर्यंत आली. इतकेंच नव्हे, तर विनातिकीट स्त्री एकटी असल्यास तिला वाटेल त्या स्थानकावर उतरवूं नये, आणि उतरवावयाचें तें दिवसाच, असेंही तोच कायदा सांगतो. हें सर्व स्तुत्य खरें. तथापि राखीव डबा फलाटापाशीं संपतो, आणि घर तेथून पुढें असतें. रात्रीची वाट एकटीस कठीण, हें कायद्यास कळलें. तें आपणांस कळूं नये काय?

"मग मुलींनींच लौकर घरीं यावें," असें कित्येक पालक म्हणतात. त्यांची काळजी आम्ही जाणतों. आम्हीही लेकींचे पालक आहों. परंतु प्रत्येक परिचारिका दिवेलागणीस घरीं परतली, तर आपल्याच आजाऱ्यांच्या उशाशीं रात्रीं कोण बसेल?

तेव्हां पालकहो, मुलीस उशीर झाला, तर "कोठें होतीस?" असें दरडावूं नका, "वाटेंत त्रास झाला काय?" असें विचारा. पहिल्या प्रश्नानें ती लपवावयास शिकते, दुसऱ्यानें सांगावयास. एका गाडीनें येणाऱ्या मुलींच्या घरांनीं मिळून एक विश्वासू रिक्षा ठरवावी, आणि वाटेवरचा बंद दिवा लागेपर्यंत अर्जांचा पाठपुरावा सोडूं नये. मुलींनो, गाडींत १३९ व इतरत्र ११२ हे क्रमांक पाठ असूं द्या. पाठलाग हा २०१३ पासून कायद्यानें गुन्हा आहे, व हद्दीचें कारण सांगून पोलीस ठाण्यास तुमची तक्रार नाकारतां येत नाहीं.

आणि मुलांनो, सर्वांत मोठें काम तुमचें. छेड काढणाऱ्याचें अर्धें धैर्य बाजूस हंसणाऱ्या मित्रांचें असतें. तुम्ही हंसूं नका. "हें बरें नव्हे," एवढें मोठ्यानें म्हणा.

आज्यांना संगत आपोआप लाभली. नातींना ती आपण द्यावयाची आहे. ती मिळाली, तर आमची ती विद्यार्थिनी पुन्हा कामावर जाईल, अशी आम्हांस आशा आहे.