रणभूमीशेजारची जत्रा

सुटी लागली की मुलांना कोठे न्यावयाचे, हा वाद बहुतेक घरांत एकदा तरी निघतोच. वडीलधाऱ्यांच्या मते गड दाखवावा. मुलांना हवे असतात फिरते पाळणे. एक दिवस गडाला व एक दिवस पाळण्यांना दिला की घरातला वाद मिटतो. परंतु पाळणेच जर गडाच्या पायथ्याशी येऊन बसू लागले तर काय करावयाचे? अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १९९३-९४ साली असाच प्रसंग उभा राहिला होता. त्याची हकीकत सांगावीशी वाटते, कारण ती प्रथमदर्शनी दिसते तितकी सरळ नाही.

वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेस सुमारे ३५ मैलांवर हेमार्केट नावाचे लहानसे गाव आहे. तेथून जेमतेम चार-पाच मैलांवर मनॅससची रणभूमी. अमेरिकेच्या यादवी युद्धातील दोन मोठ्या लढाया येथे झाल्या; पहिली २१ जुलै १८६१ रोजी व दुसरी पुढील वर्षी ऑगस्टच्या अखेरीस. दोहोंत मिळून मृत, घायाळ व बेपत्ता अशांची संख्या २५,००० च्या वर गेली. पहिल्या लढाईच्या दिवशी राजधानीतील काही प्रतिष्ठित मंडळी फराळाच्या टोपल्या घेऊन, गाड्या जोडून मौज पाहावयास आली होती. सायंकाळी सैन्याचा मोड झाला तेव्हा त्यांनाही पळता भुई थोडी झाली. युद्धाचा तमाशा पाहण्याची हौस नवी नाही, एवढेच यावरून दिसते.

दिनांक ११ नोव्हेंबर १९९३ रोजी डिस्ने कंपनीने जाहीर केले की, हेमार्केटनजीक ३,००० एकर जमिनीवर आपण ‘डिस्नेज अमेरिका’ या नावाचे करमणुकीचे उद्यान उभारणार आहो. अशा उद्यानास हल्ली सर्वत्र थीम पार्क म्हणतात. यादवी युद्धकालीन किल्ला, मूळ रहिवाशांचे खेडे, युरोपातून येणारे निर्वासित जेथे उतरत त्या एलिस बेटावरील इमारतीची प्रतिकृती, पोलादाच्या कारखान्याच्या देखाव्यातून उंचसखल रुळांवर भिरभिरणारी गाडी, असा सारा थाट होता. शिवाय हॉटेले, दुकाने आणि दोन हजारांहून अधिक घरे. राज्याचे गव्हर्नर जॉर्ज अ‍ॅलन अनुकूल होते. विधिमंडळाने मार्च १९९४ मध्ये रस्ते वगैरेंसाठी १६ कोटी ३० लाख डॉलरांची मदतही मंजूर केली.

या कंपनीविषयी आमच्या मनात आकस नाही. तिच्या चित्रपटांनी जगभरच्या मुलांना हसविले आहे, आणि करमणूक ही काही पापवस्तू नव्हे. परंतु गुलामाचे जिणे कसे असते ते पाहुण्यांना येथे अनुभवावयास मिळेल, अशा आशयाचे उद्गार कंपनीच्या माणसाने काढले तेव्हा पुष्कळांच्या मनाला चटका बसला. तिकीट काढून घटकाभर गुलाम व्हावयाचे आणि मग उपाहारगृहाकडे वळावयाचे! जेम्स मॅक्फर्सन, सी. व्हॅन वुडवर्ड, डेव्हिड मॅकलो यांसारखे नामांकित इतिहासकार पुढे सरसावले. कंपनी रणभूमीवर प्रत्यक्ष पाऊल ठेवणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होते. परंतु भोवतालची शेते व झाडी जाऊन तेथे हमरस्ते, वाहने व दिव्यांचा झगमगाट आला म्हणजे मधली राखलेली जमीन ही ती जमीन राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९९४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढेही या प्रकरणाची सुनावणी झाली.

दुसरी बाजू दडवून ठेवणे योग्य होणार नाही. त्या परगण्यातील अनेकांना नोकऱ्या हव्या होत्या. विरोधकांत घोडे बाळगणारे धनिक जमीनदार होते, आणि यांना इतिहासापेक्षा आपल्या खिडकीतील देखावाच अधिक प्रिय आहे, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला. तो सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. अखेर २८ सप्टेंबर १९९४ रोजी कंपनीने बेत सोडला. लोकमताचा धाक खराच. पण १९९२ साली पॅरिसनजीक काढलेल्या उद्यानात तिला मोठी खोट बसली होती, हेही विसरता येत नाही.

विरोधकांनी उत्सव केला. पुढे काय झाले? त्याच जमिनीच्या मोठ्या भागावर घरांच्या वसाहती उठल्या. उलट १९८८ साली, १८६२ च्या लढाईत सेनापती ली याचा तळ जेथे होता त्या टेकडीवर बाजारपेठ बांधली जाऊ लागली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सुमारे ५४० एकर जमीन विकतच घेतली. त्यास दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च आला. पण ती जागा आजही मोकळी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तर रणभूमीच्या लगत संगणकांच्या प्रचंड कोठारांस मंजुरी मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने ती रद्द ठरविली ती इतिहासाच्या प्रेमामुळे नव्हे. जाहीर नोटिशी नियमाप्रमाणे दिल्या गेल्या नव्हत्या म्हणून.

आता आपल्याकडे वळू. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील सुमारे २५ किल्ले हॉटेलांसाठी भाड्याने देण्याचा बेत असल्याचे वृत्त आले, तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि सरकारला खुलासा करावा लागला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांपैकी जिंजी तेवढा महाराष्ट्राबाहेरचा. आनंद मानावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु मान मिळाला की गर्दी येते आणि गर्दीमागून पाळणे येतात. केंद्राच्या संरक्षणाखालील वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरांत बांधकामास मनाई आहे व पुढील २०० मीटरांत त्यावर नियंत्रण आहे. रायगडाच्या टकमक टोकावर उभे राहून जो मुलूख दिसतो, तो ३०० मीटरांत मावत नाही. पायथ्याचा शेतकरी जमीन विकतो त्यास दोष देण्याचा अधिकार शहरात राहणाऱ्या आपणांस कितपत पोहोचतो, हाही विचार करण्यासारखा आहे.

विकास आराखड्यांचे नकाशे हरकती व सूचनांसाठी जाहीर होतात. ते पाहावयास जाणारांत जमिनीच्या दलालांचाच भरणा अधिक असतो. ज्या वाचकांचे मूळ गाव एखाद्या गडाच्या छायेत आहे, त्यांनी हा नकाशा मागवून गडाभोवतीच्या जमिनीवर कोणता रंग भरला आहे तेवढे पाहावे, आणि हरकतीची मुदत केव्हा संपते तीही तारीख टिपून ठेवावी.