"चालायला लागलं का?" विचारणाऱ्यांनो आणि "होईल गं" म्हणणाऱ्यांनो

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात दोन-अडीच वर्षांच्या आतलं लेकरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांच्या घरात नाही, पण जे दुसऱ्याच्या घरी चहाला जाऊन "अजून चालत नाही का हो?" असं विचारतात, त्यांनी दोनदा वाचा.

आधी माझं सांगते. माझा मुलगा चौदा महिन्यांचा असताना घरी सत्यनारायण होता. येणाऱ्या प्रत्येक बाईने प्रसाद हातात घ्यायच्या आधी तोच प्रश्न विचारला. मग उत्तरंही त्यांनीच दिली. सारखी कडेवर घेते म्हणून. अंगावरचं दूध कमी पडलं म्हणून. बाळाला नीट मालिश नाही म्हणून. मोबाईल बघत बसत असेल म्हणून. माझा नवरा तिथेच सतरंजी घालत होता. त्याला एकीनेही काही विचारलं नाही. लेकरू चाललं तर बापावर गेलं, नाही चाललं तर आईचं चुकलं, असा आपल्याकडचा हिशोब.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून वॉकर आणला. तोच, गोल, चाकांचा, मध्ये बाळाला अडकवायचा. लसीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी तो घराबाहेर काढा. त्यात बाळ पायाच्या बोटांवर ढकलत राहतं, तोल सांभाळायला शिकत नाही, आणि पायरीवरून किंवा चुलीजवळ जाऊन पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडात २००४ पासून हा वॉकर विकायलाच बंदी आहे. आपल्याकडे मात्र तो बारशाला भेट म्हणून येतो. जुना लाकडी पांगुळगाडा यापेक्षा बरा, त्यात पोर निदान स्वतःच्या पायांवर उभं तरी राहायचं.

माझा मुलगा सतराव्या महिन्यात चालला. पिठाच्या डब्याला धरून उभा होता, डबा सोडला आणि चार पावलं टाकून माझ्यापर्यंत आला. संपला विषय.

तो उशीर नव्हताच, हे मला नंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आपला भारतही होता. निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात निघाला सुमारे ८ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे शेजारणीचा दहाव्या महिन्यात पळतोय आणि तुमचा सोळाव्यात भिंत धरून उभा आहे, तरी दोघंही ठीक असू शकतात. काही मुलं तर रांगतच नाहीत, बसल्या बसल्या सरकतात आणि एकदम उभी राहतात. त्यामुळे "लवकर चालला म्हणजे हुशार" ही स्पर्धा आपण लावलेली आहे. लेकरांना तिचा पत्ताही नसतो.

इथपर्यंत वाचून बऱ्याच जणी म्हणतील, बरोबर, उगाच घाबरवतात लोक. थांबा. खरी गोष्ट पुढे आहे, आणि त्यात चूक माझी आहे.

मुलगा चालला आणि मी गल्लीतली तज्ज्ञ झाले. कोणी काळजीत दिसली की माझं एकच औषध, "होईल गं. आमचा सतराव्या महिन्यात चालला." आमच्या गल्लीत एक नवी सून आहे. तिचं नाव लिहीत नाही, पण तिला विचारूनच हे लिहितेय. तिच्या मुलीचं बोरन्हाण होतं, मुलगी अकरा महिन्यांची. अंगावरून बोरं, चुरमुरे, हलवा पडत होता. ती एकेक बोर उचलायची, फक्त उजव्या हाताने. डावी मूठ मिटलेली. सगळ्या जणी हसलो. कोणी म्हणालं, बघा, आत्तापासून उजवी आहे, अक्षर चांगलं येणार. मीही टाळ्या वाजवल्या.

सव्वा वर्षाची झाल्यावर तिची आई माझ्याकडे आली. "ताई, आमची अजून उभी पण राहत नाही हो. सरकते, पण एक पाय मागे ओढते." मी काय म्हणाले असेन? तेच. होईल गं.

मुलगी बावीस महिन्यांची झाली तेव्हा तिच्या मामाने जबरदस्तीने शहरात नेलं. सेरेब्रल पाल्सी. मेंदूच्या ज्या भागातून शरीराच्या डाव्या बाजूला हुकूम जातो तिथे इजा, बहुधा जन्माच्या आधी किंवा आसपास झालेली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "वर्षाच्या आत एकच हात वापरत होती का?" वर्षाच्या आत मूल उजवं-डावं ठरत नाही. त्या वयात ते एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताकडे लगेच बघायचं असतं. ज्या गोष्टीला आम्ही टाळ्या वाजवल्या ती धोक्याची घंटा होती.

ती आता चालते. पायाला पट्टा लावून, थोडी लंगडत. मेंदूची इजा भरून येत नाही, हे तिच्या आईला मान्य आहे. तिला एकच प्रश्न छळतो. मेंदू शिकायला सगळ्यात तयार असतो त्या दिवसांतले अकरा महिने गेले, ते कोणी परत द्यायचे? त्या अकरा महिन्यांत हात उघडायचे, पाय ताणायचे व्यायाम सुरू झाले असते, तर स्नायू इतके आखडले नसते. तिने मला कधी दोष दिला नाही. तिने दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

पण मी काही डॉक्टर नाही. जे डॉक्टर होते, त्यांनी काय केलं? आता मुद्द्यावर येते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. योजना कागदावर उत्तम आहे. डॉक्टरांचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणार, जन्मतःचे दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी तपासणार, शंका आली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवणार. आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येणार. लसीच्या कार्डात वाढीचे टप्पे चित्रांसह छापलेले आहेत. म्हणजे या मुलीला पकडायला सरकारने निदान तीन जाळी लावली होती. ती तिन्हींतून निसटली.

कशी निसटली ते सांगते. पथक आमच्या अंगणवाडीत आलं होतं. मुलगी तेव्हा तेरा महिन्यांची. आईच्या मांडीवर बसलेली असतानाच वजन विचारलं, डोळे-कान बघितले, नोंद केली आणि पुढचं मूल. तिला जमिनीवर ठेवलंच नाही. त्याच सकाळी पथकाला आणखी एक अंगणवाडी करायची होती. आशाताईंची पंधराव्या महिन्याची भेट झाली ती दारातच, कारण त्याच आठवड्यात त्यांच्याकडे दुसरा सर्व्हे होता. लसीच्या कार्डातली लसीची पानं भरलेली आहेत, चित्रांचं पान कोरं. ते पान असतं हे तिच्या आईला कोणी दाखवलंही नव्हतं.

कोणाला बडवायला मी हे लिहीत नाही. आशाताईंना त्या एका गृहभेटीचे पन्नास रुपये ठरवले आहेत. पन्नास रुपयांत घरी जा, वजन बघ, आहार सांग, लस बघ, खेळ शिकव आणि लेकराच्या मेंदूचाही अंदाज घे. स्वस्तात काम करून घ्यायचं आणि वर त्यांच्यावरच बोट दाखवायचं, हे मला जमणार नाही. मी बोट दाखवतेय ते वरच्या टेबलाकडे. तिथे "तपासलेली बालके" हा आकडा मोजला जातो. "वेळेत सापडलेली बालके" हा आकडा कोणी मागत नाही. जे मागितलं जात नाही ते केलं जात नाही, हा सरकारी कामाचा साधा नियम आहे.

आणि समजा सापडलं मूल, तर पुढे काय? आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट नाही. जिल्ह्याला जायचं. एसटीने जाऊन-येऊन पूर्ण दिवस, आईची मजुरी बुडते, बरोबर दुसरं माणूस लागतं. आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या महिन्यात ती बाई जायची थांबते आणि रजिस्टरमध्ये शेरा पडतो, "पालक उदासीन". उदासीन! हा शब्द लिहिणाऱ्याने एकदा आठ किलोचं पोर कडेवर घेऊन उभ्याने तो प्रवास करून दाखवावा.

"तू आयांना घाबरवतेस," असं मला सांगितलं जाईल. उलट आहे. आया घाबरलेल्याच असतात, आपण त्यांना घाबरायचं कशाला आणि कशाला नाही एवढंच सांगत नाही. म्हणून त्या भीतीवर वॉकरवाला, टॉनिकवाला, शिट्टीच्या बुटांवाला पोट भरतो. ठरलेल्या खुणा सांगा, निम्मी भीती जाईल. लिहून घ्या:

चार महिन्यांत मान नीट धरली नाही.
नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसलं नाही.
वर्ष झालं तरी आधार धरूनही उभं राहत नाही.
दीड वर्ष पूर्ण झालं तरी स्वतः चालत नाही.
वर्षाच्या आत एकच हात वापरतं, किंवा मूठ सतत मिटलेली.
अंग फार ताठ, किंवा चिंधीसारखं ढिलं.
येत असलेली गोष्ट करायचं बंद झालं, कोणत्याही वयात.

यातलं एकही असेल तर थांबायचं नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर महिने डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजायचे. आणि दाखवायचं म्हणजे लगेच काही भयंकर असेल असं नाही. कधी मुडदूस निघतो, कधी थायरॉईड, कधी खुब्याचा सांधा सरकलेला. यातल्या कित्येक गोष्टींवर उपाय आहे, लवकर कळलं तर सोपा. आणि पुष्कळदा काहीच निघत नाही. मग घरी येऊन खुशाल "होईल गं" म्हणा. तपासल्यानंतर म्हटलं तर तो दिलासा, आधी म्हटलं तर नुसती टाळाटाळ.

दुसरे म्हणतील, पैसा कुठून आणायचा? पहिल्या गोष्टीला पैसाच लागत नाही. एक सतरंजी लागते आणि पाच मिनिटं. लेकराला जमिनीवर सोडा, समोर खेळणं ठेवा, दोन्ही बाजूंनी द्या, कसं सरकतं ते बघा. बोरन्हाणाला आम्ही नकळत तीच तपासणी केली होती, फक्त बघणारं कोणी जाणतं नव्हतं.

बाकीच्यासाठी पैसा आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च आला की हा पैसा कशाकशावर जातो ते आपण सगळे बघतो. त्यातून थेरपीला जाणाऱ्या लेकराचं आणि आईचं एसटीभाडं द्या. प्रमाणपत्र नसेल तर महिला-बालकल्याणातून, असेल तर दिव्यांग निधीतून.

येत्या ग्रामसभेत मी चार मागण्या लेखी देणार आहे. एक, अंगणवाडीतली तपासणी जमिनीवर, आईसमोर, आणि कार्डातलं चित्रांचं पान भरून. दोन, तालुक्याला आठवड्यातून निदान एक दिवस फिजिओथेरपिस्ट पाठवावा असा ठराव जिल्हा परिषदेला आणि आरोग्य विभागाला. तीन, वर सांगितलेलं प्रवासभाडं. चार, आमच्या गावात या वर्षी किती मुलं पुढच्या तपासणीला पाठवली आणि त्यातली किती खरंच पोचली, हा आकडा फळ्यावर.

ग्रामसभेला बायका येत नाहीत, त्यामुळे असे विषय निघत नाहीत, आणि विषय निघत नाहीत म्हणून बायका येत नाहीत. या वेळी या. लेकरं घेऊन या. रडली तर रडू देत, सभा त्यांच्याचसाठी आहे.

आणि तोपर्यंत एक करा. कोणाच्या घरी गेलात आणि तोंडावर "चालायला लागलं का?" आलं, तर तो प्रश्न गिळा. त्याऐवजी विचारा, "कार्ड बघू का? ते चित्रांचं पान भरलंय का?" मी तेव्हा एवढं विचारलं असतं तर आज ही पोस्ट लिहायला लागली नसती.