आधी पाणी सांभाळून दाखवा

“मरीन टँक लावतोय, पहिला मासा कोणता घेऊ?” ठाण्यापासून कल्याणपर्यंत हा प्रश्न विचारणाऱ्यांना तोटा नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे: एकही नको. समोरचा हसतो. त्याला वाटतं, मी चेष्टा करतोय. मी चेष्टा करत नाही. खाऱ्या पाण्याची टाकी डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मी बरीच वर्षं सांभाळतोय आणि त्या जिवावर सांगतो, की हे खूळ डोक्यात घेणाऱ्या बहुतेकांना मासे पाळायचेच नसतात. त्यांना टीव्हीशेजारी निळा उजेड हवा असतो. पीओपी झालं, मॉड्युलर किचन झालं, सोफ्यामागे वॉलपेपर लागला. आता उरलेल्या कोपऱ्यात समुद्र. इंटिरिअरवाला ड्रॉइंगमध्ये एक चौकोन काढतो, त्यात दोन नारिंगी मासे काढतो. तिथून पुढे जे होतं त्याला छंद म्हणवत नाही.

काय होतं ते सांगतो. रविवारी सकाळी दुकानातली दोन पोरं टाकी घेऊन येतात. नळाचं पाणी भरतात. पाकिटातलं समुद्री मीठ त्याच टाकीत ओततात आणि हाताने ढवळतात. पाणी दुधाळ होतं. “साहेब, टेन्शन नको, दोन तासांत क्लिअर होईल.” एका बाटलीतलं जिवाणूंचं औषध टोपणभर टाकतात आणि संध्याकाळी पिशवीतून दोन ‘निमो’ सोडतात. घरातली पोरं काचेला नाक लावून बसतात. सोमवारी त्यातला एक मासा पृष्ठभागाखाली तिरका उभा असतो. पर अंगाला चिकटलेले, कल्ले इतके भरभर हलतायत की मोजता येत नाहीत. आई म्हणते, “भूक लागली असेल,” आणि चिमूटभर खाणं टाकते. ते खाणं तळाशी कुजतं. गणपती दीड दिवसाचा असतो, तसा हा निमोही दीड दिवसाचा. विसर्जन मात्र कमोडमध्ये. मग दुकानात फोन जातो, दुकानदार म्हणतो, “पीस वीक होता, दुसरा देतो.” त्याचं बरोबर आहे. त्याचा धंदा दुसऱ्या पिसावरच चालतो.

त्या माशाला मारलं अमोनियाने. माशाच्या श्वासातून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडणं म्हणजे त्याला स्वतःच्याच मुतात बुडवून मारणं. सभ्य भाषेत हे लिहिता येत नाही, माफ करा. टाकी मुरावी लागते. सहा आठवडे काचेत नुसतं पाणी, दगड आणि तपकिरी शेवाळ बघत बसायची तयारी नसेल, तर हा छंद तुमचा नाही. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! पाहुणे शनिवारी येणार म्हणून शुक्रवारी समुद्र हवा.

पाण्याचीच गोष्ट निघाली आहे तर पाण्याबद्दल बोलू. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो, आणि ते स्वयंपाकघरातलं आयोडीनवालं मीठ नव्हे. टाकीत प्रवाळ ठेवायचा तर त्याला कॅल्शियम लागतं, मॅग्नेशियम लागतं, क्षारता एका पट्ट्यात धरून ठेवावी लागते. आणि हे सगळं तो सांगाडा बांधायला रोज खर्च करत असतो. मीठ ज्या पाण्यात कालवायचं ते आरओचं लागतं, टीडीएस शून्याला टेकलेला. घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी द्यायला दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. आता घोडबंदर रोडच्या एखाद्या संकुलाच्या लॉबीत उभे राहा. बाहेर टँकर उभा आहे, आत सोसायटीच्या सभेत पाणीकपातीवर भांडण चाललंय, आणि मधोमध भिंतीएवढा ‘रीफ’ झगमगतोय. माझ्या डोंबिवलीच्या आसपासच्या २७ गावांत उन्हाळ्यात हंडे घेऊन मोर्चे निघतात. तिथे मी आरओच्या नळीखाली बादली लावतो आणि वाया जाणाऱ्या पाण्याने लादी पुसतो, कपडे भिजवतो. यात थोरपणा काही नाही. नाही केलं तर मला माझीच लाज वाटेल.

काही हुशार लोक खाडीचं पाणी आणायचा विचार करतात. फुकट आहे ना! ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, म्हणून पाणी उत्तम असणार, असा त्यांचा हिशेब. फ्लेमिंगो चिखलातलं शेवाळ गाळून खातात. जे शेवाळ त्यांना मानवतं, तेच प्रवाळाला गुदमरवतं. शिवाय त्या खाडीला काय काय येऊन मिळतं, हे ज्या शहरावर २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये ज्याच्या एमआयडीसीत रस्ता गुलाबी झाला, त्या डोंबिवलीतल्या माणसाला विचारू नका.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ उडत नाही. रात्रभर पंखा चालला की पातळी बोटभर खाली जाते. नवशिका तिथे पुन्हा खारं पाणी ओततो. महिनाभर हेच केलं की मीठ इतकं चढतं की प्रवाळ मिटून बसतात, आणि दुकानदार त्यांच्यासाठी नवीन बाटली विकतो. भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे समजायला पाचवीचं विज्ञान पुरतं.

आता उष्णता. बहुतेक प्रवाळांना २४ ते २६ अंश मानवतं. मे महिन्यात आपला हॉल ३३-३४ला असतो. म्हणून चिलर. तो टाकीतली उष्णता काढतो आणि त्याच हॉलमध्ये ओततो. मग हॉलसाठी एसी. दोनशे वॉटचा चिलर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला ७२ युनिट. वर दिवे, पंप, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर धरले की एकट्या टाकीचे सव्वाशे-दीडशे युनिट सहज होतात, आणि आपल्या बिलात शंभरच्या पुढे दर चढतो. हे सगळं परवडणारे लोक आहेत. त्यांच्या खिशाशी माझं भांडण नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: वळवाच्या पहिल्या वादळात फांदी तारेवर पडली आणि रात्रभर वीज आली नाही, तर काय करणार? घरचा इन्व्हर्टर पंखा आणि ट्यूबलाइटसाठी असतो, चिलर लावला की तो शिट्टी मारून बसतो.

प्रवाळ म्हणजे एक प्राणी आणि त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शेवाळ यांचा संसार. रंग बराचसा त्या शेवाळाचा, आणि बरंचसं अन्नही तेच देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्राणी त्या शेवाळाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. टाकीत तर याहून वाईट दिसतं. एका रात्रीत कातडं सुटतं, पंपाच्या झोतात धाग्यांसारखं लोंबतं, खाली चुनखडीचा सांगाडा उघडा पडतो, स्किमरचा कप फेसाने भरून वाहतो आणि हॉलभर कुजका वास सुटतो. लक्षद्वीपच्या अथांग पाण्यात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये प्रवाळ असेच पांढरे पडले. अख्ख्या अरबी समुद्राला जे झेपलं नाही, ते तुमच्या दोनशे लिटरच्या काचेला झेपणार?

आणि आता ज्या विषयावर या धंद्यातले सगळे खोकला आल्यासारखं करतात, तो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २००१ मध्ये त्याच्या पहिल्या परिशिष्टात सगळे दगडी प्रवाळ आले. काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही आले. म्हणजे कायद्याच्या लेखी हे वाघाच्या रांगेत बसलेत. या परिशिष्टातल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन, कमाल सात वर्षं कैद, आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर किमान पंचवीस हजार दंड. मन्नारच्या आखातातले प्रवाळ लोकांनी चुन्यासाठी आणि बांधकामासाठी वर्षानुवर्षं खणून नेले, त्यानंतर आलेलं हे शहाणपण आहे.

आपल्याकडे मात्र वास्तुदोष घालवायला ‘इंद्रजाल’ फ्रेम करून भिंतीवर लावतात. झाडाची मुळी म्हणून विकली जाणारी ती वस्तू म्हणजे समुद्रपंखा किंवा काळा प्रवाळ असतो. त्याच भिंतीखाली टाकीत दगडी प्रवाळ, म्हणजे एका हॉलमध्ये दोन गुन्हे आणि वर शुभ-लाभ. दुकानदाराला विचारा, तो म्हणेल, “साहेब, हा इंडियाचा नाही, इंडोनेशियाचा आहे.” ठीक. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही सायटिस कराराचे परवाने लागतात. मग कागद दाखव. इथे संभाषण संपतं आणि तो मागच्या गिऱ्हाइकाला खाणं मोजून द्यायला लागतो. २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे काही प्रवाळ नेव्हीनगरजवळ हलवायचे होते, तेव्हा मुंबई महापालिकेसारख्या धनदांडग्या संस्थेलाही वन्यजीव कायद्याखाली परवानगी काढावी लागली. आणि आमच्याकडे तोच जीव पारदर्शक पिशवीत, रबर बँड लावून, गुगल पेवर.

सरकारची बाजू घेतोय असं समजू नका. २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि १५८ जातींवर सरसकट बंदी घातली. त्यात क्लाउनफिशही होता, ज्याची पैदास आपल्याच केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीच करून दाखवली होती. धंद्याने आरडाओरडा केला, सरकारने नियम गुंडाळले. हातात काय उरलं? ना पैदाशीला उत्तेजन, ना समुद्रातून ओरबाडण्याला आळा. खाऱ्या पाण्यातले शोभेचे बहुतेक मासे आजही थेट समुद्रातून पकडून येतात. फिलिपिन्समध्ये १९६०च्या दशकापासून प्रवाळांच्या फटींत सायनाइड फवारून मासे गुंगवायची पद्धत रुळली. फटीतला मासा मिळतो, आजूबाजूचा प्रवाळ मरतो. पोरांची लाडकी निळी ‘डोरी’ संशोधकांना टाकीत पहिल्यांदा वाढवता आली ती २०१६ मध्ये, फ्लोरिडात. बाजारात ती अंगठ्याएवढी दिसते, वाढते फूटभर; आणि ज्या टाकीत ती विकली जाते तिची लांबी असते दोन फूट.

“पैसे आमचे, हौस आमची, तुमचं काय जातं?” असं मला तोंडावर विचारणारे भेटले आहेत. माझं काही जात नाही. पण हौसेचं बिल तुम्ही एकटे भरत नाही, एवढं कबूल करा. पाळलेला क्लाउनफिश दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. आज पहिलीत असलेल्या तुमच्या मुलीची दहावी बघून जायची त्याची ताकद आहे. त्याला चार दिवसांत संपवून तुम्ही “नाजूक असतात हो हे” म्हणता, तेव्हा मला राग येतो. तो नाजूक नव्हता.

एवढं वाचूनही खाज शिल्लक असेल, तर मान्य, तुम्ही माझ्या जातीचे आहात. मग टाकी घ्यायच्या आधी खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि अमोनिया-नायट्राइटचे टेस्ट किट घ्या. मजला जुना असेल तर इंजिनिअरला विचारा. दोनशे लिटर पाणी, दगड, काच आणि स्टँड मिळून तीनशे किलोच्या घरात जातं. मिठाचं पाणी बादलीत वेगळं कालवून टाकीत भरा, विशिष्ट गुरुत्व १.०२५वर आणा आणि प्रवाळाचं नावही काढू नका. दोन महिने फक्त पाणी, सच्छिद्र कृत्रिम दगड आणि वही. रोज तापमान लिहा. एक अख्खा मे महिना काढा. आकडे सरळ राहिले, तर पैदास केलेल्या क्लाउनफिशची एक जोडी घ्या; कुठे जन्मली ते विचारून घ्या. ठाण्याच्या पलीकडे ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानने समुद्री शोभिवंत माशांच्या पैदाशीचं काम हाती घेतलं आहे, तिथे आधी एक चक्कर मारा. आणि खरा प्रवाळच बघायचा असेल, तर मालवणला जा, किंवा ओहोटीच्या वेळी ‘मरीन लाईफ ऑफ मुंबई’ या निसर्गप्रेमी गटाच्या मंडळींबरोबर हाजी अलीच्या खडकांवर उतरा. हाजी अलीचं लोकलच्या तिकिटात होतं.

दुकानदाराने दगडी प्रवाळ पुढे केला आणि कागद दाखवला नाही, तर घासाघीस करू नका. महाराष्ट्र वनखात्याची ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनी आहे, क्रमांक १९२६. फोनला पैसे पडत नाहीत.