मालकाचं हॉटेल, मालकाचं गाव

सापगावातून मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार निदान स्वतःच्या घरी परततो. शिकागोजवळच्या पुलमन गावात मात्र घरं, दुकानं, सगळं मालकाचं होतं. रेल्वेचे डबे बांधणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८१ मध्ये तिथे लेकीच्या नावाने ‘हॉटेल फ्लॉरेन्स’ उघडलं. गावातला एकमेव बार तिथेच, पण तो साहेबलोकांसाठी! १८९३ च्या मंदीत पुलमनने मजुरी कापली, घरभाडं मात्र तेवढंच ठेवलं. पुढच्याच वर्षी संप पेटला.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलच्या माळावर वसवलेली किर्लोस्करवाडीही कंपनीचंच गाव. शिस्त तिथेही कडक होती. पण पुलमनचा वाडा शिकागोत होता. लक्ष्मणराव कामगारांच्या शेजारी माळावर राहिले. हा फरक आम्हाला मोठा वाटतो. मुरबाडचे किती कारखानदार मुरबाडला राहतात?