रिकामी जागा गेली कोठें?

उपनगरांतील संसारास जागेची अडचण नवी नाहीं. मुलुंड-घाटकोपरास काय किंवा अंधेरी-बोरिवलीस काय, दोन-तीन खोल्यांत तीन पिढ्या नांदतात आणि माळ्यावरच्या प्रत्येक ट्रंकेंत काय आहे, हें घरच्या वडीलधाऱ्या बाईस तोंडपाठ असतें. परंतु त्याच घराच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या संगणकांतील जागेचा हिशेब बहुधा कोणासच ठाऊक नसतो. रात्रीं साठ गिगाबाइट मोकळे दिसतात, सकाळीं निम्मेच उरतात, आणि आठ-दहा दिवसांनीं ते आपोआप परतहि येतात. असें झालें म्हणजे घरांत प्रथम संशय येतो तो यंत्राचा नव्हे, माणसाचा. एवढ्याशा गोष्टीपायीं एका घरीं केवढी हानि व्हावयाची होती, तें आधीं सांगतों आणि मग उपायांकडे वळतों.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही मुलुंडास राहतात. कुटुंब एकत्र, संगणक एक. त्यावर थोरल्या सूनबाई सोसायटीचा जमाखर्च लिहितात, थोरले चिरंजीव कचेरीचें काम पाहतात, आणि धाकट्या चिरंजीवांचा मुलगा महाविद्यालयाचा अभ्यास करतो. स्वतः आजोबांनीं आपल्या घराण्यांतील मोडी पत्रांचीं छायाचित्रें दोन वर्षें खपून त्यांत सांठविलीं आहेत. मूळ कागद वाळवीनें बहुतेक संपविले; म्हणून तीं छायाचित्रें हाच आतां एकमेव आधार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’ ची नेहमीची विनामूल्य देखभाल संपली. त्याच रात्रीं ह्या घरीं सर्वानुमतें ‘विंडोज ११’ घालण्यांत आलें. पूर्वी ६२ गिगाबाइट जागा मोकळी होती. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों ३५! नवी आवृत्ति आली हें सर्वांस माहीत होतें. पण जुनी आवृत्ति गेली नसून माळ्यावरच्या ट्रंकेसारखी आंत तशीच पडून आहे, हें कोणासच माहीत नव्हतें. थोरल्या चिरंजीवांनीं ठरवून टाकलें कीं, पुतण्यानें चित्रपट उतरवून ठेवले असावेत. मुलानें परोपरीनें नाकारलें. पण एकदां संशय आला कीं नकार हाच पुरावा वाटूं लागतो. दोन दिवस काका-पुतण्यांत भाषण बंद झालें.

दिवाळीची साफसफाई चाललीच होती. त्या भरांत काकांनीं संगणकहि झाडावयास घेतला आणि ९ गिगाबाइटांचें एक ‘जुनें फोल्डर’ काढून टाकलें. तें आजोबांच्या पत्रांचें होतें. तरीहि मोकळ्या जागेचा आंकडा तिळभर हलेना, तेव्हां ते ‘रीसायकल बिन’ नांवाची कचऱ्याची टोपली रिकामी करूं लागले. इतक्यांत पुतण्या तेथें आला.

“काका, थांबा! टोपलीची यादी तरी पाहा. ही आजोबांचीं पत्रें आहेत. जागा वाढली नाहीं, कारण तीं अजून टोपलींतच आहेत.”

काकांचा हात जागच्या जागीं थांबला. पत्रें पुन्हां जागेवर गेलीं. त्या दिवसापासून मुलानें एका वहींत रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं मोकळ्या जागेचा आंकडा टिपावयास आरंभ केला. ३५, ३२, ३६, ३४ असे आंकडे कांहीं दिवस खालींवर होत राहिले, आणि २५ तारखेस एकदम ५८ आले. घरांतील कोणीहि कांहीं पुसलें नव्हतें. तेव्हां कोठें उलगडा झाला. मोठी नवी आवृत्ति घातली कीं जुनी ‘विंडोज.ओल्ड’ ह्या नांवानें दहा दिवस राखून ठेवली जाते, म्हणजे मन बदलल्यास मागें फिरतां यावें. मुदत संपतांच यंत्र ती आपण होऊन काढून टाकतें. वही आजोबांपुढें ठेवली गेली, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, “हिशेब जुळला नाहीं तर आधीं वही पाहावी, माणूस मागाहून.” काकांनीं पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला.

आतां मधल्या लहान चढउतारांचें कारण सांगतों. संगणकाची कार्यस्मृति अपुरी पडली कीं तो डिस्कवर ‘पेजफाइल’ नांवाचें एक कोठार उघडतो. तें गरजेप्रमाणें फुगतें आणि यंत्र बंद करून पुन्हां सुरू केल्यावर पुष्कळदां आटतें. यंत्रास गाढ झोंप देण्याची सोय असेल तर त्यासाठींहि एक मोठी फाइल राखलेली असते. बिघाडानंतर पूर्वस्थितीवर येतां यावें म्हणून यंत्र ‘रिस्टोअर पॉइंट’ घेऊन ठेवतें. ठरलेली मर्यादा भरली कीं त्यांतले जुने गळतात आणि नवे येतात. हीं सर्व कोठारें सामान्यतः डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणूनच सर्व फोल्डरांची बेरीज केली तरी ती भरलेल्या जागेशीं जुळत नाहीं.

शिवाय मासिक दुरुस्त्या आहेतच. मायक्रोसॉफ्ट कंपनी त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं प्रसिद्ध करते. अमेरिकेंत तेव्हां सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र. म्हणून त्यानंतरच्या बुधवारीं किंवा एक-दोन दिवसांत जागा घटलेली दिसली, तर नवल मानूं नये.

आणखी एक भ्रम दूर करावयास हवा. ५०० गिगाबाइटांची म्हणून विकत घेतलेली डिस्क यंत्रांत ४६५ चीच दिसते, आणि ग्राहकास दुकानदारानें फसविलें असें वाटतें. वस्तुतः बनविणारा १०० कोटी बाइटांस एक गिगाबाइट म्हणतो, तर विंडोज १०७ कोटींहून थोडें अधिक मोजून तोच शब्द वापरतें. माल तितकाच, माप निराळें. शेर आणि किलो ह्यांतला हा प्रकार.

तेव्हां घरोघरीं करावें तें असें. प्रथम आठवडाभर आंकडा टिपावा आणि त्या दिवशीं यंत्रावर काय घडलें तें शेजारीं लिहावें. मग ‘सेटिंग्ज’ मध्यें ‘सिस्टम’ आणि त्यांत ‘स्टोरेज’ उघडावें. कोणत्या खात्यावर किती जागा खर्ची पडली, हें तेथें दिसतें. ‘टेंपररी फाइल्स’ साफ करतांना मात्र यादींत ‘डाउनलोड्स’ हेंहि नांव असतें. त्यावर खूण असल्यास ती काढावी, नाहींतर उतरवून ठेवलेलीं लग्नपत्रिका आणि विजेचीं बिलें केराबरोबर जातील. ‘विंडोज’ ह्या फोल्डरांतील कोणतीहि वस्तु हातानें पुसूं नये. आणि टोपली रिकामी करण्यापूर्वी तींतील यादी मोठ्यानें वाचावी, घरांतील सर्वांस ऐकूं जाईल अशी.

जागा दिवसेंदिवस घटतच जाते, कधींच परत येत नाहीं, आणि ‘स्टोरेज’ मध्यें कारणहि सांपडत नाहीं, असें झालें तर मात्र विषाणूची शंका घेऊन तपासणी करावी. डिस्क खडखड वाजूं लागली किंवा फाइली उघडेनाशा झाल्या, तर दुरुस्तीच्याहि आधीं महत्त्वाच्या वस्तूंची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी. आमच्या स्नेह्यांनीं पत्रांच्या आतां दोन प्रती केल्या आहेत; त्यांतील एक बोरिवलीस लेकीच्या घरीं असते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा राहिला, तेव्हां त्याच्या मुख्य स्मृतींत प्रत्येकीं ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या हिशेबानें अवघे १० किलोबाइट. एका मोडी पत्राचें तीन मेगाबाइटांचें छायाचित्र ठेवावयास तशा सुमारें तीनशें स्मृति लागल्या असत्या! त्या काळीं प्रत्येक शब्दाच्या जागेचा हिशेब राखावाच लागे. आज जागा उदंड झाली आणि हिशेब सुटला. घरांतील पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या वाचकांनीं हा एक आंकडाहि आपल्या रोजनिशींत घ्यावा. त्यानें जागा तर कळेलच. परंतु एखाद्या निरपराध मुलावर येणारा आळ टळला, तर तो लाभ कितीतरी मोठा, नाहीं का?