स्कूटर पाठवा, पण पावती घेऊन

भावांनो, रविवारी मरीन परेडला समुद्राकडेच्या बाकांवर बसून घरी फोन लावला की हल्ली एक विषय निघतोच. आपण घेतलेली स्कूटर नागपूरला पडून आहे आणि पुण्यात शिकणाऱ्या भावाला ती हवी आहे. घरचे एजंट गाठतात. तो अर्ध्या वाटेत आणखी पैसे मागतो. घाम आपलाच जातो.

आमचं म्हणणं सरळ आहे: आधी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चौकशी करा. भाऊ त्याच ट्रेननं जाणार असेल तर तिकीट दाखवून लगेज म्हणून, नाहीतर पार्सल म्हणून स्कूटर बुक होते. पेट्रोलची टाकी रिकामी हवी, पॅकिंग नीट हवं, आरसी आणि ओळखपत्राची प्रत जवळ हवी. आरसी तुमच्या नावावर असेल तर भावाला सहीचं अधिकारपत्र पाठवून ठेवा. स्कूटर पोचली की लगेच सोडवा, उशीर झाला की दंड चढतो.

एजंटच धरायचा तर पूर्ण दर लेखी घ्या, सगळे पैसे आधी देऊ नका. सिंगापुरात 2016 पासून मालकाला तपशीलवार पेस्लिप द्यावीच लागते. इथे हिशोब मागतो, तसा गावाकडेही मागायला शिका.